घर बंद

सकाळी आठला पहिला फोन:
सर, आपल्याला पाच लाख मंजूर झालेत.
मी आकडीने शेगलाच्या शेंगा काढत होतो.
म्हटलं, झाले असतील तर राहूदेत तुझ्याकडे,
कौलं परतायला लागले तर कळवीन.
ती म्हणाली, सर, होल्ड करता का?
करतो म्हटलं, आणि मोबाइल अळवात ठेवून
उरलेल्या शेंगा काढल्या.

दहाला जागावाला. हा दर बुधवारचा,
पांढरी गाडी, काळा चष्मा केसांत खोवलेला.
काका, सी-फेसिंग आहे, सोनं आहे, देऊन टाका.
त्याला गडग्यापाशी नेऊन दाखवलं
सुरूची पहिली रांग होती ते पाणी.
म्हटलं, आधीचं एक गिऱ्हाईक आहे,
फोन करत नाही, कडी वाजवत नाही,
वर्षाला चार हात घेऊन जातं,
पैशांचं नाव नाही.
आधी त्याच्याशी मिटव.
तो थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिला
आणि म्हणाला, बंधारा घालू.

कुत्रा पाळला तो खरं तर असल्यांसाठी.
पण त्याला भुंकायला खाजणातले बगळे पुरतात.
हातात बॅग असलेला माणूस दिसला
की हा उताणा, चारी पाय आभाळात.

मग पाटी लावली.
होड्या रंगवणाऱ्या बस्त्यावने लिहून दिली
ट्रॉलरच्या उरलेल्या निळ्या रंगात:
विक्रेत्यांनी आत येऊ नये.
आठवड्याभरात एक जण ती वाचत उभा राहिला,
बराच वेळ. मला वाटलं, लाजला बिचारा.
म्हणाला, काका, खाऱ्या वाऱ्याने जाईल हो हे अक्षर,
अॅक्रिलिकमध्ये करून देतो,
दोन घेतल्यात तर तिसरी फुकट.

आणि आज, दुपारी दीडला,
आचऱ्याच्या तिठ्यापासून चालत आलेला हा पोरगा.
गळ्यात टाय, टायला घामाची किनार,
छातीवर बिल्ला: तुळशीदास चौगुले.
पाटी त्याने वाचली नसावी,
किंवा वाचूनच आला असावा.
बसायच्या आधी पेला मागितला, बावीचं पाणी मागितलं,
बॅगेतून काढल्या दोन सळया, पिन खोचली भिंतीला.
बघता बघता पेल्यात
शेणाच्या रंगाचा गाळ.
बघा काका, हे पिता तुम्ही.

एकतीस वर्षं हायस्कुलात
प्रयोगशाळेच्या चाव्या माझ्या कमरेला होत्या.
आठवीच्या पोरांसाठी दरवर्षी
हाच पेला मी मांडून ठेवायचो, नंतर घासायचोही मीच.
म्हटलं, झिला, सळी गंजता ती. पाणी नाय.

मला वाटलं, आता वाद घालील.
त्याने पिन काढली, सळ्या फडक्यात गुंडाळल्या
आईची भांडी असावीत अशा,
आणि म्हणाला, माहितेय काका.
ट्रेनिंगला दुसऱ्याच दिवशी सांगतात.

मग त्याच बावीचं पाणी
तांब्याने प्याला, वरून, घटघट,
एक, दोन, तिसरा अर्धा.
म्हणाला, आमच्याकडे गगनबावड्याला असंच आहे, गोड.

फॉर्म काढला. रकाना होता: न घेण्याचे कारण.
पैसे नाहीत लिहिलं तर हप्त्यावर द्या म्हणतात,
मशीन आहे लिहिलं तर जुनं बदलून द्या,
नको म्हणाले असं लिहायची तर सोयच नाही.
त्याने पेन झटकलं आणि खूण केली
शेवटच्या चौकटीत: घर बंद.

तेव्हापासून आम्ही दोघे
बंद घराच्या पडवीत बसलो आहोत.
मी आंब्याच्या साठाचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला आहे,
कुत्र्याने त्याच्या बुटावर हनुवटी टेकली आहे,
आणि तो अजून कुठे कुठे घर बंद लिहायचं
ते वाडीवार मला विचारतो आहे.
मधेच फोन. सकाळचीच ती.
सर, पाच लाखांचं काय ठरलं?
म्हटलं, बाय माझे, घर बंद आहे.
ती क्षणभर गप्प.
मग सर, बोलतंय कोण?
चौगुल्याच्या नाकात पाणी गेलं.