काडाची लांबी

आमच्याकडे दिवस सूर्यापासून मोजतात.
तो उगवून तास झाला की एक वाजतो,
आणि बिशोफ्तूच्या काचघरात, एकच्या सुमाराला,
तेफचं फूल उघडतं.
अर्धा तास. मग मिटतं ते मिटतंच.

त्या अर्ध्या तासासाठी अस्कालेच
एकतीस वर्षं येते आहे इथं,
खांद्यावरचा पांढरा नेटेला मागे सारून
भिंगाला कपाळ टेकते.
आदल्या संध्याकाळीच तिनं सुईनं
फुलातले तिन्ही परागकोश काढलेले असतात,
श्वास रोखून,
कारण इथं श्वास म्हणजे वारा
आणि शिंक म्हणजे एक हंगाम वाया.

दाणा केवढा?
गव्हाच्या एका दाण्याच्या तोलाला शंभरावर तेफ लागतात.
हातून निसटला तर मुंगीलाच सापडावा.

माझं काम लेबलांचं.
पेन्सिलीनं. शाई धुऊन जाते.
आई अमुक, बाप तमुक, तारीख:
आधी आमच्या तेरा महिन्यांच्या वर्षातली,
मग दुसरी, बाहेरच्या अहवालांसाठी.
एकाच रोपाचे दोन जन्म,
सात वर्षांच्या अंतरानं.

सगळा खटाटोप एवढ्याचसाठी
की तेफ लोळू नये.
खत घाला, तो ताडमाड होतो,
दाणा भरला की मान टाकतो,
मग कापणाऱ्या बाया चिखलातून त्याला
गुंता सोडवावा तसा सोडवतात.
म्हणून बुटकी आई शोधली.
तिची गाठ उंच बापाशी, मग मुलांची, मग नातवंडांची.
अकरा पिढ्या लिहिल्या मी. पेन्सिली किती, विचारू नका.

तिकिम्त महिन्यात एका रात्री गारा पडल्या.
सकाळी बघतो तर सगळं शेत आडवं
आणि आमचे सहा वाफे तेवढे उभे,
परीक्षेला तासभर आधी पोचलेल्या पोरांसारखे.
डॉक्टर तिलाहुन फोन बंद पडेपर्यंत फोटो काढत राहिले.
अस्कालेच म्हणाली, फोटो नंतर. आधी वजन करा.

वजन भरलं. लोह भरलं. जस्तही.

पुढच्या वर्षी बिझुनेश आली,
जिच्या शेतावर बी दिलं होतं ती.
एका हातात झाकलेली टोपली, दुसऱ्यात काडाची मूठ.
"पीक चांगलं," ती म्हणाली. "उभं राहिलं. देव भलं करो तुमचं."
मग काड टेबलावर ठेवलं,
शेजारी आपला हात, कोपरापासून.
काड मनगटापाशीच संपलं.
"यात बैलानं काय खायचं?
आणि भिंत? मातीत हे कालवून लिंपली,
तर वाळायच्या आत तडे."
टोपली उघडली. तिसऱ्या दिवसाचा इंजेरा.
तिनं दुमडला, तो मोडला.
"सासूच्या तेफचा पाचव्या दिवशी
रुमालासारखा घडी होतो."

मागच्या बाकांवर जराशी खसखस पिकली
आणि डॉक्टरांकडे बघून थांबली.
आमच्या तक्त्यात सतरा रकाने होते.
मी उभे-आडवे दोनदा वाचले.
भिंतीचा रकाना सापडला नाही.
बैलाचाही.

अस्कालेचनं तो मोडलेला तुकडा उचलून खाल्ला.
सावकाश. मग विचारलं,
"किती लांब हवं?"
बिझुनेशनं हात खांद्यापासून सरळ केला,
बोटं ताणली,
मग थोडी मिटली. "एवढं चालेल."
मी फूटपट्टी आणायला पळालो.

दुसऱ्या दिवशी, एकला दहा कमी,
अस्कालेच भिंगापाशी गेली आणि परत फिरली.
उजव्या डोळ्यात तिच्या दुधासारखं काही साचतंय,
हे सगळ्यांना माहीत होतं,
बोलत कुणी नव्हतं.
सुई माझ्या हातात दिली.

"पण लेबलं?" मी म्हटलं.

"लेबल थांबेल," ती म्हणाली. "फूल नाही थांबणार.
श्वास धर."