सहाव्या दिवसाचा बिंदू

सावळजच्या अलीकडे, माळावर, झांबऱ्यांचं बेदाण्याचं शेड.
हिरव्या नेटखाली जाळ्यांचे अकरा मजले
आणि त्यात एक जाळी आमची:
अकरावी सायन्स, पट एकोणीस.
डिपिंगमधून नुकतीच निथळलेली चार किलो द्राक्षं
तानकाट्याला टांगली, तेव्हा
काट्यापेक्षा पोरंच जास्त हलत होती.

आदल्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं: फल.
एका दिवसाला एकच वजन.
दोन दिवसांना एक चालेल,
एका दिवसाला दोन चालणार नाहीत.
"मॅडम, फळ तर हे," म्हणत रियाजनं
एक मणी तोंडात टाकला
आणि आमच्या पहिल्याच नोंदीत चार ग्रॅमची चूक झाली.
"दिवसातून दोनदा तोललं तर?"
मग तास लिही, म्हटलं.
प्रश्न अर्धा विचारलास
तर शेड दोन उत्तरं देणारच.

रोज सकाळी सात वाजता.
चार हजार. चौतीसशे.
एकोणतीसशे वीस. पंचवीसशे चाळीस.
समिधानं वजाबाक्या केल्या, मग भागाकार,
मग वही माझ्यापुढे सरकवली:
एक किलोच्या वर जेवढं असतं
त्याचा पाचवा भाग रोज जातो.
आधी भराभरा, नंतर हात राखून,
नंतर दारात रेंगाळल्यासारखं.
वक्र हजाराच्या रेषेकडे उतरत राहतो
आणि टेकत नाही.

असा उतार मी ओळखते.
मिरजेच्या दवाखान्यात आईच्या खाटेला
अडकवलेला तक्ता होता.
सोमवारी एकेचाळीस, गुरुवारी साडेएकोणचाळीस.
आलेखवही पर्समध्येच होती.
ते बिंदू मी जोडले नाहीत.

सहाव्या दिवशी वजन वाढलं.
साठ ग्रॅम.
रियाज म्हणाला काटा बिघडला. किलोचं माप टांगून पाहिलं,
काटा शहाण्यासारखा एक किलोवर थांबला.
"खोडून टाकूया की," मागून कुणीतरी,
"बाकीचे कसे ओळीत बसलेत."
खोडरबर समिधाच्या हातात होतं.
हौसाबाई खालच्या जाळीवर हात फिरवत होत्या.
वर न बघताच म्हणाल्या,
"रातच्याला ढग हुतं की.
वलं वारं सुटलं. प्याला बेदाणा थोडं."

आम्ही नुसते दिवस मोजले होते.
हवेला आमच्या वहीत रकानाच नव्हता.
समिधानं खोडरबर खिशात टाकलं,
पेननं तो बिंदू पक्का केला
आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: ढग.

पंधराव्या दिवशी सूत्र म्हणत होतं अकराशे पाच.
काटा म्हणाला अकराशे तीस.
पोरांनी टाळ्या वाजवल्या, एवढं जवळ
त्यांचं कुठलंच गणित कधी आलं नव्हतं.
हौसाबाईंनी एक मणी चिमटीत दाबून पाहिला.
"झाला," म्हणाल्या.
त्यांनी वही बघितलीच नव्हती.

मग कागद बघायला मागितला, उलटा धरला, सुलटा केला.
उतरत्या रेषेवरून बोट फिरवत खाली आल्या,
ढगापाशी जरा थांबल्या.
"वजन उतरलं त्ये मांडलंसा.
गोडी चढली ती कुठं मांडलीया?"

मी सांगितलं, साखर तेवढीच असते हौसाबाई,
पहिल्या दिवशी होती तेवढीच.
पाणी जातं फक्त.

त्यांनी तो मणी तोंडात टाकला.
चावला, बराच वेळ.
"तसं नसंल," म्हणाल्या
आणि पुढची जाळी ओढली.