फिरतं पाणी

पुण्याच्या खडकात सोनं नाही.
अण्णा म्हणायचे, काळा पत्थर, आतून बाहेरून काळाच;
पर्वतीपासून खडकवासल्यापर्यंत फोडा,
गुंजभर निघालं तर माझं नाव बदला.
इथलं सोनं माणसांच्या हातून सांडलेलं.
कानशीखालून उडालेलं, कारागिराच्या लुंगीला चिकटलेलं,
केरातून, मोरीतून,
सोन्या मारुती चौकाच्या गटारात उतरलेलं.

आम्ही झारेकरी.
पहाटे चारला अण्णा कुंच्याने फरशीच्या फटी उकरायचे,
मी बॅटरी धरायचो,
दुकानांची कुलपं निघायच्या आत घमेलं नदीवर.
मुठेला तेव्हा पाणी होतं,
म्हणजे पाण्यासारखं काहीतरी.
आता ओंकारेश्वराखाली उतरलं की
आधी वास येतो, मग शिट्टी.

म्हणून मी नदी घरी आणली.
निळं पिंप, चाळीस लिटरचं,
भंगारातल्या कूलरचा पंप, अर्धा चिरलेला पाइप
आणि तळाला मारुती आठशेतलं रबरी पायपुसणं.
जड ते त्याच्या वळ्यांत बसतं,
हलकं वाहून पिंपात परत.
तेच पाणी वर, तेच खाली.
चिमूटभर साबणपूड टाकायची,
नाहीतर बारीक कण तरंगून पळतात.
बायको म्हणते, आठवडाभर एकाच पाण्यात धुताय,
सोनं मळत नाही का?

यंत्र नंतर आलं.
जुन्या बाजारात, बुधवारी, दीड हजाराला,
हेडफोनचा डावा कान मुका.
नदीकाठी फिरवलं :
खिळे, बुचं, गुटख्याची चंदेरी पुडी,
पुलावरून कुणी हात जोडून टाकलेला रुपया.
सगळ्यांना एकच कूंऽऽ.
यंत्राला भाव कळत नाही.

तरी त्याच्यामुळे बोलावणी येतात.
परवा कर्वेनगरातून इंदूताई दामले.
"पाटली गेलीय. खताच्या खड्ड्यात असावी.
एक ते चार येऊ नका."
साडेचारला गेलो.
केळीची सालं, चहाचा चोथा, गांडुळं,
हातभर खाली कूंऽऽ झालं.
चोळून पुसली. वजन हाताला पटेना.
खिशातली कसोटी काढली, एक रेघ ओढली,
तेजाबाचा थेंब टाकला,
रेघ हिरवी फेसाळून गेली.
तांबं. वर नुसता मुलामा.

चाळीस वर्षं बाईंच्या हातात होती.
कसं सांगायचं? अण्णा असते तर
आधी पाणी मागितलं असतं, मग बोलले असते.
मी पाणी मागितलं.

त्यांनी तांब्याभांडं ठेवलं, दार ओढून घेतलं.
"खोटी आहे ना? मला माहितीय.
खरा जोड मी त्र्याऐंशीत मोडला.
कशासाठी, ते तुम्हाला काय करायचंय?
दुसऱ्या दिवशी हा करून घेतला.
यांना आजतागायत कळलेलं नाही."

मग खड्डा कशाला उकरायला लावलात, ताई?

"खोटी हरवली,
की खरीची चौकशी होते."

आतून कुणीतरी खाकरलं. "मिळाली का गं?"
"मिळाली!" बाई ओरडल्या,
आणि पाटली हातात चढवताना
इतक्या हळू चढवली
की माझ्या कसोटीला
एक क्षण लाज वाटली.

दोनशे दिले. पुण्यात तेही खूप.
वर परसातली कोथिंबीर, मुळांसकट.

रात्री पंप लावला. चौकातली पंधरा दिवसांची धूळ,
तिसऱ्या वळीत पिवळी रेघ,
साधारण तीनशे चाळीस मिलिग्रॅम, कुणाकुणाचं.
यातलं किती कुणी मुद्दाम सांडलं असेल,
कुणी मोडताना, कुणी लपवताना,
यंत्र सांगत नाही, मीही विचारत नाही.
पाणी काळं होऊन वर जात होतं,
काळंच खाली येत होतं.

कोथिंबीर मात्र बायकोने नळाखाली धुतली.