उतरण

सकाळी शटर वर करायचो
तेव्हा तिच्याकडे रात्रीचे साडेबारा असायचे.
वॉर्डाबाहेरच्या कॉफीच्या मशीनजवळ उभी राहून
करुणा दहा मिनिटं बोलायची,
मी स्कॅनरवरची धूळ पुसत हूं हूं करायचो.
मग नोव्हेंबरात तिकडे घड्याळं एक तास मागे केली.
आता तिची सुट्टी होते तेव्हा इकडे अकरा,
दारात रांग, आणि मी कानाला फोन लावून
कोणाच्या तरी सातबाऱ्यावर शिक्का मारतो.

लग्नाला दोन वर्षं नऊ महिने.
त्यातले सोबतचे दिवस सव्वीस,
पाहुण्यांचे धरून.

चहाच्या टपरीवर माझं नावच बदललं आहे.
"काय बे अमेरिका, गेला नाही अजूक?"
"जाऊन राह्यलो."
"कवा?"
"दोन कट सांग."

मी दिवसाला पन्नास वेळा म्हणतो
सर्व्हर डाऊन आहे, प्रक्रियेत आहे, सोमवारी या.
माझ्या फाईलला हेच उत्तर इंग्रजीतून येतं,
फॉन्ट तेवढा चांगला असतो.

लग्न खरं आहे याचे पुरावे मागितले होते.
फोटो दिले, मंडपातले, अकोटच्या स्टुडिओतले,
जोडखात्याचं पासबुक दिलं.
मग आमचं बोलणं छापायला घेतलं,
एकशे बेचाळीस पानं, माझ्याच प्रिंटरवर,
टोनर दोनदा हलवून.
जेवला का. हो. तू. आता बसते.
पाय दुखतात. शेक. बरं.
लाईट गेली. ठेव मग.
एवढंच होतं आमच्यात, पानामागून पान.
प्रत्येक ओळीचं इंग्रजी मीच केलं.
"हूं" पाशी अडलो.
शेवटी हो लिहिलं,
पण तो काही हो नव्हता.

दर महिन्याला तिकडून एक तारीख निघते.
ती आमच्या तारखेपर्यंत पोचली की नंबर.
कधी तीन आठवडे सरकते, कधी जागची हलत नाही,
मागच्या जूनमध्ये तर दीड वर्ष मागे गेली.
तारीख मागे कशी जाते
हे बाबांना सांगायला मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.
ते पानमळ्यातून आले होते, हाताला लव्हाळ्याचा वास.
ऐकून घेतलं, आणि म्हणाले,
"म्हंजे उतरण केली त्याईनं."

कवसाबाई मात्र काही समजावून घेत नाही.
निराधारच्या पैशासाठी येते, बाकावर बसते.
मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही,
रेघाच उरल्या नाहीत, साठ वर्षं निंदण.
मी ओल्या फडक्याने बोट पुसतो, पुन्हा दाबतो,
मशीन लाल होतं.
"तुयं काय झालं रे?"
"प्रक्रियेत आहे, मावशी."
"मायंबी," म्हणून ती इतकी हसली
की तोंडातला विडा सावरावा लागला.
त्या दिवसापासून तिच्यासाठी एक स्टूल वेगळं ठेवलं आहे.
रात्री दोनदा उठून स्टेटस पाहायचो,
ते आता फक्त सोमवारी पाहतो.
मीच लोकांना सोमवार देतो, म्हणून.

चैत्रात बाबांना माणसं मिळाली नाहीत,
रविवारी मी गेलो मळ्यात.
शेवरीच्या टोकाला लागलेला वेल सोडवायचा,
हळू खाली घ्यायचा, बुडाशी वेटोळं करायचं,
वरून माती. शेंडा तेवढा बाहेर.
लहानपणी मला वाटायचं बाबा वेल पुरतात.
"वर जाऊन पान लहान पडते," एवढंच ते सांगतात,
कारण पुढची ओळ वाट पाहत असते.

घड्याळं तिकडे परत पुढे झाली होती, दहालाच फोन आला.
माझे हात चिखलात,
बाबांनी फोन माझ्या कानाला धरला
आणि मान दुसरीकडे वळवली.
ती पण मळ्यावाल्याचीच लेक.
"शेंडे किती मोडले?" तिनं विचारलं.
दोन, म्हटलं.
पाच मोडले होते.
"हूं," ती म्हणाली.