कातर

ओस्त्रावात हिवाळ्यात चारलाच कातरवेळ होते.
द्राहोमीरा तिसरा रिव्हेट साच्यात बसवते,
पाडलेल्या पुलाचा, सोळा मिलिमीटर,
डोक्यावर अजून हिरव्या रंगाचा पोपडा.

ताणलं तर धातू आधी सांगतो,
लांबतो, मानेशी बारीक होतो.
कातरताना तसं नाही.
साचा दोन्ही टोकं धरून ठेवतो,
मधलं पातं खाली ओढतं
आणि दांडा अजून दोघांचाही असतो.

आकडा चढतो. नव्वद. एकशे दहा.
यीर्का, नवा पोरगा, काचेपासून मागे सरकतो.
ती चहात लिंबू पिळते.
एकशे सव्वीस. मग थोडा वेळ तिथेच,
निघताना उंबऱ्याशी घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा.

ठक्.

तीन तुकडे.
क्षेत्रफळ दुप्पट धर, ती सांगते,
एका आवाजात दोन ठिकाणी तुटलाय तो.
यीर्का लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो.

बाहेर ट्रामचे दिवे लागलेत.
मधला तुकडा ती तळहातावर घेते:
कातरलेली बाजू गुळगुळीत,
एकाच दिशेला विंचरलेली,
आणि कोमट.

"धर," ती म्हणते,
"निवायच्या आत."