सरळ जायची सवय

हँडल वळत नव्हतं असं नाही.
वळायचं, पण मध्यावर आलं की
खट् करून बसायचं,
म्हातारं माणूस आपल्या ठरलेल्या खुर्चीत बसतं तसं.

सायकल बाबांची.
होंड्यात अजून त्यांना ‘काट्यावरचे धाकूबाब’ म्हणतात.
एकतीस वर्षं ट्रक मोजले:
भरलेला, रिकामा, भरलेला, रिकामा,
मधला फरक वहीत.
खाण बंद झाली, काटा गंजला.
मडगार्डखाली तो तांबडा थर अजून आहे,
कितीही पुसा, बोटाला येतोच.

म्हापशाला शुक्रवारी गेले तेव्हा सेट आणला.
दुकानदाराने आधी सायकलचं वय विचारलं,
मग माझ्याकडे बघितलं.
कोण बसवणार?
मी.
त्याने पुडीत चार छर्रे जास्त टाकले.

मोठा पाना इनासचा, नळाचा.
संध्याकाळी परत हवा म्हणाला,
चॅपेलपाशी लाइन फुटलीय.

ब्रेकच्या सळ्या सोडवल्या.
हँडलचा बोल्ट चार आटे सैल केला,
वर लाकडाचा ठोकळा धरून घाव घातला. दुसरा घातला.
तिसऱ्याला आत काहीतरी निसटलं.
‘सुटली,’ बाबा सोप्यावरून म्हणाले.
त्यांना हल्ली दारावरची बेल ऐकू येत नाही.

नट निघाला आणि चिमटा खाली घसरला,
छर्रे सांडले, काही मांडीवर,
काही कोब्यावरून घरंगळत
उन्हात पसरलेल्या सोलांमध्ये.
एक हात रातांब्याने लाल, दुसरा ग्रीसने काळा,
मी गुडघ्यांवर.
‘कितले?’ बाबांना आकडा हवा.
एकेचाळीस सापडले.
उरलेले कधीतरी कढीत लागतील दाताला.

मग रॉकेलच्या फडक्याने खालची वाटी पुसली
आणि उजेडाकडे धरली.
कडेने गोल खड्डे,
छर्ऱ्याएवढे, छर्ऱ्याएवढ्याच अंतरावर,
प्रत्येकाची आपापली जागा.
घर ते काटा सहा किलोमीटर, रस्ता सरळ.
एक वळण आहे चिंचेपाशी,
ते नुसतं अंग कलवून घेता येतं.
बाकी सरळ.
जाताना सरळ, येताना सरळ,
लोखंडाने त्याचीच घरं करून घेतली.

लहानपणी दांडीवर बसून मी म्हणायची,
आज नदीकडून जाऊ.
नदी डावीकडे होती.
उद्या, म्हणायचे.

वाटी त्यांच्या हातात दिली.
नखाने एकेक खड्डा चाचपत
पूर्ण फेरी घातली त्यांनी,
परत सुरुवातीला आले,
तरी सोडली नाही.
‘पाड न्हय ती,’ म्हणाले. ‘वापरिल्ली.’
मी वाद घातला नाही.

नवी वाटी फळीखाली ठेवून ठोकली,
जरा इकडे, जरा तिकडे, फिरवत.
बसली की आवाज बदलतो.
ठण् ठण् ठण्, मग एकदम ठप्प,
आता पुरे.
बोटभर ग्रीस. त्यात छर्रे,
भाताच्या रोपासारखे एकेक रोवत.
पूर्ण भर, बाबा म्हणाले, आणि मग एक काढ.
एक कमी हवा, नाहीतर घासतात एकमेकांना.
हे त्यांनी मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं.
विचारलंही नव्हतं मी.

‘चड आवळूं नाका गो.’
आवळलं, पाव फेरा सोडलं, पुन्हा आवळलं.
पुढचं चाक उचललं
तर हँडल आपसूक एका बाजूला गेलं,
कुठेच न अडता.
बाबांना ते आवडलं नाही.

पाना कॅरियरला बांधून निघाले.
सायकल फाटकापर्यंतच तीनदा लडबडली,
बारीकशा इशाऱ्यालाही वळायला तयार.
इतकं हलकं हँडल धरायची
हातांना सवय नाही.
मागून बाबा ओरडतायत, सरळ धर, सरळ,
त्यांच्या मुठीत उरलेले छर्रे.
मी चिंचेपाशी पोचलेय,
पाना खडखडतोय,
आणि इनासचं घर कुठल्या हाताला
ते क्षणभर आठवत नाही.