व्याल्याचा अठरावा दिवस

आधी डेअरीची स्लिप बोलली.
शांताप्पानं ती फाडून हातात दिली:
फॅट पाच पूर्णांक दोन.
"पद्मव्वा, म्हशीचं मिसळलंस काय?" म्हणून हसला.
लिटरमागं वाढून मिळाले.
त्या पैशात मी घमेलं आणलं, नवं, निळं.

मोगरी त्यातल्या पेंडेला तोंड लावेना.
वाडं हुंगायची, सोडायची.
भिंत चाटायची.
दूध मात्र सकाळी अकरा, सांजचं नऊ,
एक लिटर कमी नाही.

निपाणीहून डॉक्टर मगदूम आले.
"एष्ट दिन आत?"
"अठरा."
तिच्या नाकाशी वाकले, हुंगले,
मग मलाही हुंगायला लावलं.
माझ्या लेकीची नखं पुसायची बाटली असते ना,
तो वास.
गाईच्या तोंडाला.
मुतात बुडवलेली पट्टी
वांग्याच्या सालीसारखी झाली.

चहा पिताना सांगत होते, अर्धं कन्नडात, अर्धं आपल्यात.
मला कळलं ते गुऱ्हाळातलं.
चरबी म्हणजे ओंडका.
तो नुसता पेटत नाही, खाली चिपाड लागतं.
चिपाड संपलं की ओंडका धुमसतो,
काहिलीतला रस तसाच राहतो
आणि घरभर धूर.
हिच्या काळजात, म्हणजे खऱ्या काळजात,
ज्याला ते यकृत म्हणतात,
तिथं तो धूर कोंडला होता.

मी दारातून बघितलं.
भोजेच्या वेशीपासून संगमापर्यंत ऊस.
दूधगंगेच्या पलीकडंही ऊस.
आणि हिच्या रक्तात साखर नाही.

"मग ते फॅट?"
डॉक्टर कपाच्या तळाकडं बघत राहिले.
"पाठीचं," म्हणाले. "तिच्याच."
मी हात फिरवला.
महिन्यापूर्वी जिथं बोट रुतायचं
तिथं खुब्याचं हाड लागलं.
म्हणजे घमेलं मी तिथून आणलं.

तिसऱ्या दिवशी मागचा डावा सड तापला.
धारेत गुठळ्या, दही फुटल्यासारख्या.
गोठा मी दोनदा धुते, मी म्हटलं,
जरा रागानंच.
"घाण कुठं नाही?
राखणदार उपाशी असले की ती आत येते."
पांढऱ्या पेशी. त्यांनाही साखरच लागते.
सगळी दुधानं नेली,
रात्रपाळीवाल्यांचा डबा आलाच नाही.

शिरेतून साखरेच्या बाटल्या,
तोंडातून गोड तेलकट औषध, पाजताना माझं लुगडं चिकट.
सडात ट्यूब.
चार दिवस दूध गटारीत ओतलं,
मांजरालाही दिलं नाही.

पाचव्या दिवशी भाकरी थापताना
कडबा मोडल्याचा आवाज आला.
कड्, कड्.
मी पिठाच्या हातांनीच गोठ्यात गेले.
तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

स्लिप: तीन पूर्णांक आठ.
"काय गं, पाणी घातलंस?" शांताप्पा.
मी ती घडी करून डब्यात ठेवली.

आता चंपी आटवलीय, सातवा उलटला.
गोल, चकचकीत,
येणारा-जाणारा बांधावर थांबून बघतो.
तिची पेंड मी तोलून घालते, मूठ वरची नाही.
सुशीलव्वा भिंतीवरून ओरडते,
"गाभण जित्राबाला मापानं घालतीस,
काळीज हाय का न्हाई तुला?"

मी गप्प राहते.
रोज खुब्यावर बोट ठेवते
आणि किती रुततं ते बघते.